२४४११३९ वर कोण आहे? एका बंगाली गाण्याच्या कामाच्या नोंदी

८ जून

वाचनालयाच्या श्रवण-बैठकीत ऑगस्टची पाळी माझ्याकडे आली. अटी नेहमीच्याच. गाणं मराठी-हिंदी नको, आपल्याकडे फारसं वाजलेलं नको आणि त्यात धड एक गोष्ट हवी. आधी अर्धा तास बोलायचं, मग गाणं, मग चहा.

अंजन दत्तचं 'बेला बोस' नक्की केलं. १९९४ साली आलेल्या 'शुनते की चाओ' या त्याच्या पहिल्या कॅसेटमधलं. बंगाली माणसासमोर या गाण्याला अपरिचित म्हणायची सोय नाही. कोलकात्यात काय आणि ढाक्यात काय, ज्याच्या हातात गिटार आली त्याने हे एकदा तरी वाजवलेलं असतंच. आपल्याकडे मात्र ते पोचलं नाही. वाचनालयात नाव काढल्याबरोबर एका काकांनी विचारलं, "बेला बोस? ती 'जय संतोषी माँ'मधली?" ती अभिनेत्री वेगळी, ही बेला वेगळी.

समितीतल्या बाईंचा आक्षेप आला, "अगं, बंगाली कळणार कोणाला?" म्हटलं, गोष्ट आधी मराठीत सांगते आणि मग ऐकवते. तेवढ्यावर मंजूर झालं.

११ जून

गोष्ट कागदावर उतरवली. एक तरुण सार्वजनिक फोनवरून बेला नावाच्या मुलीला फोन करतो. बेला, ऐकतेयस ना, मला नोकरी लागली. आता आपल्याला कोणी अडवू शकत नाही. तुला जे स्थळ आलंय ते खुशाल मोडून टाक, आईला सांगून टाक की लग्न करणार नाही. सुरुवातीलाच अकराशे देणार आहेत, तीन महिन्यांनी कायम करतील. मग एकदम: गप्प का तू? बोलत का नाहीस?

आणि पालुपद. हा २४४११३९ ना? ऐकू येतंय का? दहा-बारा राँग नंबर ओलांडून तू सापडलीयेस, आता हातची जाऊ देणार नाही. बेलाला एकदा बोलावता का, मीटर पळतंय, फार निकडीचं काम आहे.

दुसऱ्या कडव्यात मागचे दिवस येतात. रस्त्यावरच्या स्वस्त हॉटेलांच्या कोंदट केबिनमध्ये दोघांनी श्वास रोखून काढलेले. आणि पुढचेही येतात, कोलकात्यातल्या कसब्यातली निळ्या भिंतींची खोली, खोटं बोलणाऱ्या या काळ्या-पांढऱ्या शहरात दोघांचा लाल-निळा संसार. शेवटी त्याच्या लक्षात येतं की ती रडतेय. अगं, रडारडीचे दिवस संपले ना आता? हॅलो, ऐकतेयस ना?

एवढंच. बेलाचा एकही शब्द नाही.

लिहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बेलाचं नाव, आडनाव, फोन नंबर सगळं आपल्याला कळतं. त्याचा पगार कळतो, कायम कधी होणार तेही कळतं. पण त्याचं नाव कुठेच नाही. नोकरी कसली, कुठल्या कंपनीत, तेही नाही. आणि पगाराचं वाक्य ऐकताना वाटतं, हे प्रेयसीला सांगायचं वाक्य नव्हेच. 'सुरुवातीला इतके, तीन महिन्यांनी कायम' हे मुलीच्या बापाला सांगायचं असतं. बिचारा बापासमोर बसायची तालीम मुलीपुढेच करतोय.

१५ जून

आमच्या मजल्यावरच्या बोउदींकडे (बंगालीत बोउदी म्हणजे वहिनी) गेले. त्या पंचवीसेक वर्षं पुण्यात आहेत, मराठी फर्डं बोलतात, फक्त 'व' आला की त्याचा 'ब' होतो. सगळी इमारत त्यांना बोउदीच म्हणते. गाणं लावल्यावर पहिल्या ओळीपासून त्या बरोबर म्हणायला लागल्या, 'चाकरिटा आमि पेये गेछि बेला शुनछो', आणि मला दोनदा थांबवावं लागलं, कारण मला प्रश्न विचारायचे होते.

कसब्याबद्दल विचारलं. "बालिगंज स्टेशन आहे ना, त्याच्या रुळांच्या पलीकडे. अलीकडे मोठ्या लोकांची घरं, पलीकडे आम्ही." तेव्हा तिथे भाडी कमी होती, म्हणून नव्या संसाराची खोली कसब्यात. आता तिथे मॉल उभा आहे आणि अकराशेत तिथे दोघांचं जेवण होईल की नाही, शंकाच.

केबिनचं त्यांनी जास्त रंगवून सांगितलं. कोलकात्यातल्या जुन्या खाणावळींच्या नावातच केबिन असतं: बसंत केबिन, दिलखुशा केबिन. लाकडी आडोसे, त्यांना कळकट पडदे, आत समोरासमोर दोन बाकं. एक कटलेट मागवायचं आणि ते संपवायचं नाही, कारण संपलं की पोऱ्या बिल घेऊन येतो. मुंबईतल्या इराण्यांकडच्या 'फॅमिली रूम'ची मी आठवण दिली तर त्या म्हणाल्या, "तेच ते. फॅमिली सोडून सगळे तिथे बसायचे."

निघताना विचारलं, "बोउदी, ती बोलत का नाही हो?"

"लग्न ठरलं असेल तिचं. आणखी काय असणार?"

मला हे पटलेलं नाही. लग्न ठरलेली मुलगी फोन ठेवून देऊ शकते. ही ठेवतही नाही.

१९ जून

अकराशेचा अंदाज यावा म्हणून चौथ्या वेतन आयोगाचे आकडे काढले. केंद्र सरकारी नोकरीत सगळ्यात खालचा मूळ पगार महिन्याला ७५० रुपये होता. त्यावर महागाई भत्ता. म्हणजे १९९४ साली सरकारी कचेरीतला नवा शिपाईसुद्धा अकराशेहून जास्त घेऊन घरी जात होता. पाचव्या आयोगाने १ जानेवारी १९९६ पासून किमान मूळ पगार २५५० केला.

तेव्हा हा आकडा मोठा नाही. ज्या आवाजात तो सांगितला जातो त्या आवाजामुळे तो मोठा वाटतो. बंगाली सिनेमात नोकरीसाठी वणवण करणारा तरुण त्याआधी वीस-पंचवीस वर्षं सारखा दिसत होता. सत्यजित राय यांचा 'प्रतिद्वंद्वी' १९७० चा, मृणाल सेन यांचा 'इंटरव्ह्यू' १९७१ चा. त्या पोरांना हवी ती नोकरी मिळत नाही. या गाण्यातल्या पोराला मिळालीय, आणि तरीही पलीकडून उत्तर येत नाही.

आपल्या भावगीतांत चंद्र आहे, चाफा आहे, वाट आहे. पगाराचा आकडा मला तरी एकाही भावगीतात आठवत नाही. बैठकीत हे बोलायचं की नाही ते ठरलेलं नाही. पहिल्या रांगेत भावगीतवालेच बसतात.

२२ जून

ध्वनियंत्रणा बघणारा मुलगा आला होता. गाण्याआधी फोन लावल्याचा आवाज ऐकवायची कल्पना त्याचीच. त्याने तबकडीचा फोन सिनेमातच पाहिलेला. त्याला वाटत होतं, तबकडी फिरवताना जो घर्रर्र आवाज येतो तोच नंबर. तसं नाही. बोट काढल्यावर तबकडी परत येताना ठोके पडतात, आकडा जेवढा तेवढे ठोके, सेकंदाला साधारण दहा. एकला एकच ठोका, नऊला नऊ. दोन, चार, चार, एक, एक, तीन, नऊ मिळून चोवीस ठोके होतात, आणि शेवटचा नऊ सगळ्यात रेंगाळतो. नेमका अधीर माणसाला शेवटी नऊ आलाय.

१९९४ च्या बूथमध्ये मात्र तबकडी नसणार, बटणांचा फोन असणार. पण त्या बटणांच्या फोनांना खाली एक बारीक खटका असायचा, पी (पल्स, म्हणजे ठोके) आणि टी (टोन, म्हणजे सूर). तो पी वर असला की बटण दाबल्यावरही कानात तेच टकटकटक ऐकू यायचं. मुलाने तसा आवाज बनवायचं कबूल केलं. त्यामागे काचेच्या दारावरून येणारा रस्त्याचा आवाज. मीटरचे लाल आकडे तर ऐकवता येत नाहीत, ते मी तोंडाने सांगेन. दाराला आतून चिकटवलेली 'दार लावून घ्या' ही पाटी, बिलाची अरुंद पट्टी टिकटिकत बाहेर टाकणारं छोटं यंत्र, आणि बाहेर उभा राहून आपल्याकडेच बघणारा पुढचा गिऱ्हाईक. चाळिशी ओलांडलेल्यांना हे सांगायची गरज नाही. पण बैठकीला हल्ली कॉलेजची पोरंही येतात.

२८ जून

आज गाण्याच्या मुळाशी गेल्यासारखं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

कडव्यांत तो बेलाशी बोलतो, जवळिकीने. पालुपदात पहिल्या दोन ओळी बेलालाच आहेत, पण पुढे सूर बदलतो. 'एकदा बेलाला बोलावता का' हे तो कोणा मोठ्या माणसाला, आदराने विचारतोय. म्हणजे फोनवर बेला नाहीच, दुसरंच कोणीतरी आहे. मग त्याआधी तो ज्या गप्प बसलेल्या बेलाला सगळं सांगत होता, ती कोण?

तीन शक्यता मांडल्या. लाइन मध्ये तुटते आणि तो पुन्हा लावतो. दर वेळी आधी घरातलं कोणीतरी उचलतं. किंवा त्याला बेला कधी मिळतच नाही. कडवी तो मनात म्हणतोय, प्रत्यक्षात फक्त पालुपद घडतंय. किंवा फोनवर पहिल्यापासून दुसरंच कोणीतरी आहे, आई म्हणा, काका म्हणा, आणि ते माणूस गुपचूप सगळं ऐकून घेतंय. तिसरी शक्यता भयंकर आहे. स्थळ मोडून टाक, आईला सांग, हे त्याने आईलाच सांगितलं असेल तर!

मग एक चौथी सुचली, आणि ती मला सगळ्यात खरी वाटते. मे १९९४ मध्ये राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झालं. त्यात सरकारनेच कबूल केलं होतं की देशात दर शंभर माणसांमागे फोन साधारण ०.८ आहेत. एकसुद्धा नाही. एकूण ऐंशी लाखांच्या आसपास लाइनी आणि पंचवीसेक लाख लोक प्रतीक्षायादीत. हे गाणं त्याच वर्षीचं. अशा वेळी कसब्यात खोली घेण्याची स्वप्नं बघणाऱ्या पोराच्या मैत्रिणीकडे स्वतःचा फोन असेल कशावरून? आपल्याकडे व्हिजिटिंग कार्डांवर, लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर नंबरापुढे कंसात पी.पी. लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. फोन आला की शेजारी गॅलरीतून हाक मारायचे, "तुमच्या मुलीचा फोन!" मुलगी ओल्या हातांनी धावत यायची आणि त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या टीव्हीसमोर, त्यांच्या जेवणाऱ्या माणसांदेखत फोन कानाला लावायची. विणलेलं झाकण बाजूला सारलेलं, डायलची कुलूपकिल्ली काकांच्या जानव्याला.

अशा ठिकाणी उभी राहून बेला काय बोलणार? "हो." "बरं." "ठेवते." तेवढंही बोललं तरी काकू विचारणार, कोणाचा गं? म्हणून ती बोलत नाही. नकार म्हणून नाही, होकार म्हणूनही नाही. त्याच्याभोवती काचेची खोली आहे आणि दार लावलेलं आहे. तिच्याभोवती आख्खं बिऱ्हाड आहे. या गाण्यातल्या दोघांपैकी मोकळेपणाने बोलायची सोय फक्त त्याला होती, आणि ती सोय त्याने मिनिटाच्या हिशेबाने विकत घेतली होती. त्याला ते कळत नाही. तो वैतागून विचारतो, गप्प का?

बैठकीत मी हेच मांडणार. बाकी तीन शक्यता ओझरत्या.

३ जुलै

फोनवरची इतर गाणी शेजारी ठेवून ऐकली.

'पतंगा' (१९४९) मधलं रंगूनचं गाणं सगळ्यांच्या तोंडात आहे. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आवाज त्यांचा आणि शमशाद बेगमचा. तिथे दोन्ही टोकं ऐकू येतात, किंबहुना मजा त्यातच आहे, सवाल तिकडून आणि जवाब इकडून.

'सुजाता' (१९५९) मध्ये सुनील दत्त फोनवरून 'जलते हैं जिसके लिए' म्हणतो आणि नूतन ऐकते. तीही बोलत नाही, तीही रडते. म्हणजे रचना जवळपास बेला बोसचीच. पण बिमल रॉय यांनी कॅमेरा नूतनपाशी ठेवलाय. तिचे डोळे भरतात ते आपल्याला दिसतं आणि आपल्याला सगळं कळतं, फोन धरणाऱ्यालाच काय ते कळत नाही. अंजन दत्तने तो कॅमेरा काढून घेतला. श्रोत्याला त्याने बूथमध्येच कोंडून ठेवलंय, त्या पोराला जेवढं ऐकू येतं तेवढंच आपल्यालाही.

तिसरं 'सिल्व्हियाज मदर', १९७२ चं, शेल सिल्व्हरस्टीनने लिहिलेलं आणि डॉक्टर हुक या अमेरिकी मंडळींनी गायलेलं. तिथे पोरगा बूथमधून फोन करतोय आणि सिल्व्हियाची आई फोन सोडत नाही. ती निघालीय, दुसऱ्याशी लग्न करणार आहे, तिला काही बोलून रडवू नकोस. मध्येच ऑपरेटर येऊन पुढच्या तीन मिनिटांचे चाळीस सेंट मागते. मीटर तिथेही आहे. फरक एवढाच, की तिथे आई जे बोलते ते तो पोरगा आपल्याला सांगतो, म्हणून शेवट ठरलेला आहे. सिल्व्हिया जाणार. बेलाचं काही ठरत नाही.

तिन्हींचे तुकडे वाजवायचे म्हटलं तर अर्धा तास यातच जाईल. 'सुजाता' ठेवते, बाकी दोन नुसते सांगेन.

१० जुलै

अंजन दत्तबद्दल पाच मिनिटं.

तो आधी नट. मृणाल सेनच्या 'चालचित्र' (१९८१) मधल्या कामासाठी त्याला व्हेनिसच्या महोत्सवात नवोदित अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. शाळा दार्जिलिंगची, सेंट पॉल्स. त्यामुळे कानावर गिटार लहानपणापासून. गायक म्हणून तो चाळिशीत आला, आणि आला तेव्हा बंगाली गाण्याचं दार नुकतंच सुमन चट्टोपाध्याय यांनी उघडलं होतं. त्यांची 'तोमाके चाई' १९९२ ची. एक माणूस, एक वाद्य, शब्द स्वतःचे आणि विषय शहराचा, ही रीत त्यांनी रुळवली. तिथे सगळे याला 'जीवनमुखी गान' म्हणायला लागले. मागोमाग नचिकेता आला आणि मग अंजन.

या तिघांत गळा सगळ्यात साधा अंजनचा, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. तो गातो कमी आणि सांगतो जास्त. आवाजाला खरखर आहे, ओळीच्या शेवटी दम पुरत नाही. पण या गाण्यात ते उपयोगी पडतं. बूथमधला पोरगा तयार गळ्याने तान घेऊन 'हॅलो' म्हणाला असता तर गोष्टच मेली असती. नंबर तो इंग्रजी आकड्यांत म्हणतो, जसे आपण सगळेच फोन नंबर सांगताना म्हणतो. ते सात आकडे चालीत असे बसलेत की बंगालबाहेरचा माणूसही एकदा ऐकून घोळवत बसतो. स्वयंपाक करताना माझं तेच चाललंय.

एक गोष्ट वाचताना उडालेच. १९९३ मध्ये, म्हणजे ही कॅसेट येण्याच्या आदल्या वर्षी, मृणाल सेनचा 'अंतरीण' आला. मंटोच्या 'बादशाहत का ख़ात्मा' या कथेवर आधारलेला. अंजन दत्त आणि डिंपल कपाडिया. गोष्ट एका लेखकाची आणि एका एकाकी बाईची, दोघांची ओळख फक्त फोनवरची. त्याचा याच्याशी संबंध जोडायचा मोह होतोय, पण जोडणार नाही. तारखा सांगून सोडून देईन, लोक काय ते जोडतील.

त्याच्या दुसऱ्या एका गोष्टीच्या गाण्याचाही उल्लेख हवा, 'रंजना'. मुलगा मुसलमान, मुलगी दुसऱ्या पाड्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. पाड्यातल्या दादांनी बजावलंय, परत इथे दिसलास तर तंगडी तोडू. तो म्हणतो, धर्म काही मी निवडला नाही, आडनावातही माझा हात नव्हता. रंजना, मी आता येणार नाही. तीच ओळ पुढे २०११ मध्ये त्याने आपल्या सिनेमाला नाव म्हणून दिली. तिथेही बोलणारा मुलगाच, ऐकणारी मुलगीच. ही त्याची खोडच दिसते.

१३ जुलै

मजकूर फार झाला. पगाराचे आकडे तीन वाक्यांत बसवले. भावगीतवाला शेरा गाळला.

२० जुलै

फलकासाठी मजकूर द्यायचा होता. वाचनालयातल्या मुलीने मोठ्या अक्षरांत फक्त २४४११३९ लिहून खाली बैठकीची वेळ टाकायची कल्पना काढली. दिसायला झकास. तरी मी नको म्हटलं. गाणं गाजल्यावर कोलकात्यात लोकांनी हा नंबर खरंच फिरवायला सुरुवात केली आणि ज्याच्याकडे तो होता त्याला "बेला आहे का?" याने भंडावून सोडलं, ही तिथली प्रसिद्ध गोष्ट आहे. अमेरिकेत टॉमी ट्यूटोनच्या गाण्यातल्या जेनीच्या नंबराने, ८६७-५३०९ ने, ऐंशीच्या दशकात तिथल्या कितीतरी गावांतल्या लोकांचा असाच जीव खाल्ला.

आता कोलकात्यातले नंबर आठ आकडी आहेत, सात आकड्यांवर कोणी लागणार नाही, असं ती म्हणाली. बरोबर आहे. पण हौशी लोक आधी कुठला तरी कोड लावून बघतात. फलकावर 'बेलाला एकदा बोलावता का?' एवढंच घातलं.

३१ जुलै

आजची तारीख बैठकीत वापरायला हवी. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत संचार भवनात केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. म्हणजे बेलाला शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये उभी करणारं गाणं आणि तो हॉल निकालात काढणारं यंत्र, दोन्ही त्याच शहरात वर्षाच्या अंतराने आली. अर्थात त्या मोबाइलवर आलेल्या कॉललासुद्धा पैसे पडत. अकराशेवाल्याला तो पुढची कित्येक वर्षं परवडला नसता.

ध्वनीचा तुकडा मिळाला. ठोके छान आलेत. मुलाने शेवटच्या नऊनंतर लगेच रिंग जोडली होती. म्हटलं, मध्ये थोडा काळ कोरा ठेव. तेव्हा नंबर फिरवून झाल्यावर लागतोय की नाही हे कळायलाच वेळ लागायचा, आणि माणूस तेवढ्यात देवाचं नाव घ्यायचा.

९ ऑगस्ट

बैठक झाली. पाऊस असून हॉल भरलेला.

माझं बोलणं ठरल्याप्रमाणे अर्ध्या तासात आटपलं. शेजाऱ्यांच्या फोनचा मुद्दा मांडताना मागच्या रांगेतून हुंकार आले, ते माझ्या तर्काला नव्हे, स्वतःच्या आठवणींना होते. गाणं वाजताना भाषेची अडचण कोणाला आली असं दिसलं नाही. 'हॅलो' आणि आकडे तर सगळ्यांचेच.

नंतरची चर्चा माझ्या भाषणापेक्षा सरस झाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाई बसल्या होत्या. त्यांनी दहा-बारा राँग नंबरांचा खुलासा केला. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये नंबर निवडणारा आतला दांडा प्रत्येक ठोक्याला एकेक पायरी चढायचा. झिजलेल्या संपर्कात एक ठोका निसटला की माणूस बरोबर शेजारच्या नंबरावर जातो. वर पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी. "त्यात यांच्या नंबरात दोन एक लागोपाठ. एकाला ठोकाच एक, तो गेला की संपलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही एक शक्यता सोडलीत. आवाज एका बाजूनेच जायचा, असं आम्हाला रोज तक्रारीत यायचं. त्याचं तिला ऐकू येत असेल, तिचं त्याला जात नसेल. ती केव्हाची बोलतेय." 

हॉल एकदम शांत झाला आणि मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मला ही शक्यता सुचली नव्हती, आणि ती माझ्या चारही शक्यतांपेक्षा चांगली आहे, फक्त 'ती रडतेय' हे त्याला कसं कळलं त्याचं उत्तर त्यात नाही. बाईंना हे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अंदाजाने. तेव्हा सगळं अंदाजानेच चालायचं."

पहिल्या रांगेतल्या आजींनी विरोध नोंदवला. त्यांच्या मते पोरगा उथळ. नोकरी लागली की आधी घरी येऊन मोठ्यांच्या पाया पडावं, फोनवर कसली स्थळं मोडतोस? कॉलेजच्या पोरांना आजींचं म्हणणं वेगळ्या कारणाने पटलं. त्यातल्या एकाने विचारलं, "पण काकू, एवढे राँग नंबर लागत होते तर तो सरळ तिच्या घरीच का गेला नाही?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मागून बोउदी म्हणाल्या, "अरे, घरी गेला असता तर ते 'रंजना' झालं असतं. तंगडी मोडून नोकरीवर कसा जाणार?"

चहा आला.